पंचाहत्तरावा खंड

इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीला येत्या डिसेंबरात 75 वर्षे पूर्ण होतील. 1951 साली ती मुंबईत स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक निघाले, ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’. दोन्हींमागे माणूस एकच होता: मालवणात जन्मलेले, संस्कृत घेऊन एम.ए. झालेले गोविंद सदाशिव घुर्ये.

मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग पॅट्रिक गेडिस यांनी 1919 मध्ये सुरू केला; केंब्रिजहून परतलेल्या घुर्यांनी 1924 मध्ये तो हाती घेतला. इरावती कर्वे, अ. रा. देसाई, एम. एन. श्रीनिवास हे सारे त्यांचे विद्यार्थी. अधिवेशने भरतात, भाषणे होतात आणि पांगापांग झाली की विसरली जातात. नियतकालिक मात्र कपाटात उरते आणि पुढच्या पिढीला त्याच्याशी भांडता येते. घुर्यांनी अधिवेशनांच्या फंदात न पडता आधी बुलेटिन काढले, यातच त्यांची दूरदृष्टी दिसते.

अधिवेशनांचे काम उत्तरेकडच्या मंडळींनी केले. 1955 साली डेहराडूनला अखिल भारतीय समाजशास्त्र परिषद भरली आणि लखनौचे डी. पी. मुखर्जी अध्यक्षपदावरून बोलले. एका विषयाच्या दोन राष्ट्रीय चुली मग बारा वर्षे पेटत्या राहिल्या. 1967 मध्ये त्या एकत्र आल्या तेव्हा घुर्यांच्या जागी श्रीनिवास होते. गुरुशिष्यांचे फारसे सख्य नव्हते, पण वारसा मोडला नाही. नाव सोसायटीचे राहिले, वार्षिक मेळाव्याने परिषदेचे नाव घेतले, कचेरी दिल्लीला गेली. बुलेटिनचा खंड क्रमांक मात्र नव्याने सुरू झाला नाही. 1952चा पहिला, 1967चा सोळावा. त्याच हिशेबाने यंदाचा पंचाहत्तरावा. आपल्याकडे संस्था फुटल्या की नियतकालिके बंद पडतात. इथे दोन संस्था एक झाल्या तरी मोजणी अखंड चालू राहिली, हे मला घटनादुरुस्त्यांपेक्षा मोलाचे वाटते.

आता बुलेटिन सेज ही बहुराष्ट्रीय प्रकाशनसंस्था छापते. अंक वेळेवर निघतो, जगभरच्या विद्यापीठांत पोचतो. तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार अशी की लातूर-नंदुरबारच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला घरी बसून जुना लेख उघडायचा, तर बहुधा सारांशाखाली किंमत समोर येते. सभासदाला अंक मिळतो, पण सभासद नसलेल्या विद्यार्थ्याचे काय? शिवाय ज्या गावांवर, ज्या जातींवर, ज्या गिरणगावावर हे लिहिले गेले, तिथल्या वाचकासाठी त्यातले मराठीत किती आले? इरावतीबाई इंग्रजीत शोधनिबंध लिहीत आणि मराठीत पुस्तके. त्यांना दोन्हींत विसंगती वाटली नाही.

सोसायटीने अमृतमहोत्सव जरूर साजरा करावा. पण स्मरणिका आणि शाली-श्रीफळांवर खर्च करण्याआधी प्रकाशकाशी बोलून निदान मुंबईच्या काळातले पहिले पंधरा खंड सर्वांना मोफत खुले करावेत, आणि दर अंकातल्या एका तरी लेखाचा मराठी व इतर भारतीय भाषांत गोषवारा द्यावा.