टेस्ट ड्राइव्ह मागच्या सीटवर बसूनही करा

आमच्या मालेगावात सध्या एसयूव्हीची हवा आहे. स्टाफरूममध्ये गाडीचा विषय निघाला आणि मी सेडानचं नाव घेतलं की लगेच कुणीतरी म्हणतं, "सर, ती तर प्रत्येक स्पीडब्रेकरला खाली लागेल!" गेल्या दोन महिन्यांत मी तीन सेडान चालवून पाहिल्या. त्यावरून माझं मत असं झालं आहे की आपण सेडानला नीट न तपासताच नापास करतो आणि एसयूव्हीला नीट न तपासताच पास करतो. चूक टेस्ट ड्राइव्हच्या पद्धतीत आहे.

शोरूममधून आपल्याला बहुधा एका चांगल्या, गुळगुळीत रस्त्यावरून दहा मिनिटं फिरवून आणतात. गाडीत आपण आणि सेल्समन, एसी सुरू, गाणी सुरू. मला हे पेपर आधीच हातात आलेल्या परीक्षेसारखं वाटतं. अशा परीक्षेत सगळेच पास होतात.

गाडीच्या चालीत दोन वेगळ्या गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे बसणाऱ्याचा आराम, खड्ड्याचा दणका कमरेपर्यंत किती पोहोचतो ते. दुसरी म्हणजे चालवणाऱ्याचा ताबा, वळणावर आणि वेगात गाडी सांगाल तशी जाते का ते. या दोन्हींचं एकमेकांशी पटत नाही. सस्पेन्शन फार मऊ ठेवलं तर गल्लीतले खड्डे कळत नाहीत, पण महामार्गावर गाडी नावेसारखी हलते आणि मागे बसलेल्या मुलांना मळमळतं. फार कडक ठेवलं तर वळणं झकास, पण गावातला रस्ता अंग खिळखिळं करतो. चांगली गाडी या दोन्हींचा मेळ घालते, आणि तो मेळ माहितीपत्रकात दिसत नाही.

म्हणून मी अम्मी, बायको आणि मुलगी अशा तिघींना घेऊन गेलो. डिकीत दोन भरलेल्या बॅगा ठेवल्या. गाडी रिकामी असताना वेगळी वागते आणि भरल्यावर वेगळी. भार पडला की मागचा भाग खाली बसतो. एक गाडी मी एकटा चालवताना मला फार आवडली होती, पण चौघांना घेऊन खड्ड्यात गेली तेव्हा मागून खाडकन आवाज आला. दुसऱ्या गाडीतून उतरल्यावर अम्मी एवढंच म्हणाली, "इस में हँडल पकडना नहीं पडा." अम्मीची कंबर दुखरी आहे. माझ्यासाठी तिचं हे वाक्य सेल्समनच्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा मोलाचं होतं. सेडानची सीट खाली असते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना चढउतार अवघड जाते, हेही तिनेच दाखवून दिलं. ती तक्रार खरी आहे.

मग राहूडचा घाट. मुंबई-आग्रा महामार्गावर चांदवडच्या बाजूला जाताना तो लागतो. सेडानचा फायदा अशा ठिकाणी कळतो. तिचं वजन जमिनीजवळ असतं, त्यामुळे वळणावर ती उंच गाडीपेक्षा कमी कलते. समोर अचानक ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल आली आणि स्टिअरिंग झटकन वळवावं लागलं तर हा फरक जिवाशी खेळणारा ठरू शकतो. रस्ता मोकळा पाहून ब्रेक जोरात दाबा, गाडी सरळ थांबते की एका बाजूला ओढते ते पाहा. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं का, तेही पाहा.

आता खाली लागण्याचा प्रश्न. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर, होंडा सिटीचा १६५ आणि स्कोडा स्लावियाचा १७९. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असायला हवा. तसा असेल तर यातली कुठलीही गाडी लागणार नाही. पण आपल्याकडे गल्लीगल्लीत अरुंद, टोकदार उंचवटे घातलेले असतात. दोष गाडीपेक्षा त्या उंचवट्याचा जास्त आहे. तरी आपल्याला राहायचं त्याच गल्लीत आहे. म्हणून भरलेली गाडी आपल्या घरापर्यंत आणून बघायलाच हवी. दोन चाकांमधलं अंतर जास्त असलेली गाडी महामार्गावर शांत चालते, पण तिचं पोट अशा उंचवट्याला लागायचा धोकाही जास्त असतो.

निघण्याआधी टायरमधली हवा तपासून घ्या. योग्य आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेला असतो. हवा कमी असेल तर गाडी खोटी मऊ वाटते, जास्त असेल तर उगाच आदळते. शोरूमवाले लांब जाऊ देत नसतील तर तसं मॉडेल एक दिवस भाड्याने घ्या. डिझायर तर टॅक्सी म्हणून सगळीकडे धावते. तिच्या मागच्या सीटवर तासभर बसा आणि ड्रायव्हरशी बोला.

आमच्या घरांत गाडी पुरुष ठरवतात, रंग मुलांना विचारतात आणि आई-बायकोला थेट पेढे वाटायच्या दिवशी गाडी दाखवतात. पुढची दहा वर्षं मागच्या सीटवर बसणार त्या. दवाखान्यासाठी नाशिकला जाताना सगळे हादरे सोसणारही त्याच. वर्षानुवर्षं साठवलेले दहा-बारा लाख घालण्याआधी त्यांना अर्धा तास मागे बसवा आणि त्या नको म्हणाल्या तर ती गाडी घेऊ नका.