एव्हरग्लेड्सला दोन तास?

फ्लोरिडाच्या सहलीचा आपल्या मंडळींचा आराखडा आता मला पाठ झालाय. ऑरलँडोला तीन-चार दिवस थीम पार्क, मग मायामी बीच, मग गाडी काढून की वेस्ट, जमलं तर एखादी क्रूझ. आणि या सगळ्याच्या मधे कुठेतरी एक ओळ असते : "एव्हरग्लेड्स, एअरबोट, 2 तास". असे आराखडे माझ्याकडे "एकदा नजर टाक" म्हणून येत असतात, कारण दक्षिण फ्लोरिडात मी काही वर्षं काढली आहेत. आजपर्यंत मी गप्प बसून "छान आहे" म्हणत आले. पण आता स्पष्टच सांगते. ती ओळ एकतर खोडून टाका, नाहीतर तिला अख्खा दिवस द्या. मधलं काही नको.

हे आत्ताच लिहायला कारण आहे. आई-बाबा येताहेत. दादाचं म्हणणं, नेहमीप्रमाणे मे महिन्यात येऊ देत, मुलांना सुट्ट्या असतात. माझं म्हणणं, फेब्रुवारी. गेले तीन रविवार फोनवर हाच वाद चाललाय, आणि आत्या दोन्ही बाजूंना "तुझं बरोबर आहे" म्हणतेय!

बाबांनी नोकरी सांभाळून उभं आयुष्य पक्षी पाहिले. आमच्या लहानपणी थंडीतल्या रविवारी पहाटे उठून भिगवणला जायचं, उजनीच्या पाण्याकाठी काकडत उभं राहायचं आणि त्यांनी "आला बघ, आला बघ" म्हटलं की ते दाखवतील तिकडे बघायचं, हे ठरलेलं. आता त्यांच्या डाव्या डोळ्याचं काम जवळपास संपलंय, उजव्याचंही डॉक्टर फार काही आश्वासन देत नाहीत. दुर्बीण लावली तरी लांबचं लागत नाही. म्हणजे यापुढे त्यांना जे पक्षी दिसणार ते चार-पाच हातांवर आले तरच. आणि असे पक्षी चार-पाच हातांवर येऊन बसतात अशी माझ्या पाहण्यातली एकच जागा आहे. एव्हरग्लेड्सच्या होमस्टेडकडच्या फाटकातून चार मैल आत गेलं की रॉयल पाम लागतं, तिथली अन्हिंगा ट्रेल. जेमतेम पाऊण मैलाची सपाट वाट, निम्मी डांबरी, निम्मी लाकडी फळ्यांची. चाकाची खुर्चीसुद्धा जाते. अन्हिंगा म्हणजे आपल्या तिरंदाजाचा सख्खा भाऊच, एकाच वंशातला. पंख पसरून वाळत बसतो तेव्हा त्याच्या पाठीवरची पांढरी नक्षी चष्म्याशिवाय मोजता येते.

पण हे हिवाळ्यात. मे महिन्यात नव्हे.

खरं तर आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. एव्हरग्लेड्सला चार ऋतू नाहीत, दोनच आहेत, कोकणासारखे. मेच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत पाऊस, डिसेंबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कोरडं. पावसाळ्यात सगळीकडे पाणीच पाणी, त्यामुळे मासे पांगतात, त्यांच्यामागे पक्षी पांगतात, मगरी कुठेही असू शकतात म्हणून कुठेच दिसत नाहीत. दिसतात ते डास. आणि ते कसे असतात याचं वर्णन मी करणार नाही, फ्लेमिंगोला ऑगस्टमधे गाडीचं दार उघडून बघा. (दुपारी तीन वाजता चढून येणारे ढग मात्र त्या सपाट प्रदेशावर फार देखणे दिसतात, हे कबूल केलं पाहिजे.) कोरड्या महिन्यांत पाणी आटत आटत डबक्यांत आणि खोलगट जागांत उरतं. काही खड्डे तर अ‍ॅलिगेटर स्वतःच उकरून ठेवतात. सगळे मासे तिथे कोंडले जातात, आणि मग बगळे, करकोचे, पाणकोंबड्या, अ‍ॅलिगेटर सगळे एकाच पंगतीला. पक्ष्यांची वीणही याच हिशोबावर चालते. वुड स्टॉर्क म्हणजे आपल्या चित्रबलाकाचा चुलतभाऊ, त्याला पिल्लांसाठी आटलेल्या पाण्यातले दाटीवाटीचे मासेच लागतात. मधेच अवेळी पाणी चढलं तर मासे पांगतात आणि तो घरटं सोडून देतो.

भिगवणला आपण भर पावसाळ्यात दुपारी बाराला जात नाही ना? मग फ्लोरिडात जुलैत, दोन थीम पार्कांच्या मधे, का जातो?

आता एअरबोटीबद्दल. मुलांना मजा येते, मान्य. पण कानावर आवाज अडवणारी टोपणं घालून पाहण्याची ही जागा नाही. उद्यानाच्या बहुतेक भागात एअरबोटींना बंदीच आहे. टमायामी ट्रेलच्या रस्त्यावर ज्या फेऱ्या मिळतात त्यातल्या काही 1989 मधे उद्यानाला जोडलेल्या पूर्वेकडच्या पट्ट्यात जातात, बाकीच्या हद्दीबाहेर. म्हणजे "आम्ही एव्हरग्लेड्स केलं" म्हणणारे बरेच जण उद्यानाच्या फाटकातून आत गेलेलेच नसतात.

आणि गेले तरी दोन तासांत कळणार काय? ही एक नदी आहे हे कळायलाच तेवढा वेळ लागतो. मार्जरी स्टोनमन डग्लस यांनी 1947 मधे याला 'गवताची नदी' म्हणून पुस्तक लिहिलं, त्याच वर्षी 6 डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते उद्यानाचं उद्घाटन झालं. किसिमी नदीचं पाणी ओकीचोबी तळ्यात यायचं, तळं भरलं की दक्षिणेच्या काठावरून सांडायचं आणि काही इंच ते काही फूट खोलीची, पन्नासेक मैल रुंदीची पाण्याची चादर समुद्राकडे सरकत जायची. उतार मैलाला जेमतेम दोनेक इंच. त्यात उगवलेलं सॉग्रास हे नावाला गवत, खरं तर लव्हाळ्याच्या कुळातलं, कडा करवतीसारख्या. या प्रदेशात फूटभर उंचीने जग बदलतं. जरा उंचवटा आला की महोगनीची दाट राई, जरा खोलगट झालं की सायप्रस. होमस्टेडहून फ्लेमिंगोला जाणाऱ्या 38 मैलांच्या रस्त्यावर एक पाटी आहे : रॉक रीफ खिंड, उंची 3 फूट. वरंधा आणि ताम्हिणी उतरलेल्या आपल्याला हसू येतं. येऊ दे, पण गाडी थांबवून दोन्ही बाजूंची झाडं नीट बघा. ती पाटी विनोद म्हणून लावलेली नाही.

ही नदी आता तशी राहिलेली नाही, आणि माझ्या हट्टामागे तेही आहे. 1928 मधे पूर्ण झालेला टमायामी ट्रेल तिच्या वाटेत बांधासारखा आडवा पडला. 1948 पासून सरकारने कालवे आणि बंधारे घालून पाण्याचे कप्पे केले. वर किसिमीची 103 मैलांची वळणं काढून 56 मैलांचा सरळ कालवा केला, मग काही भागात तो बुजवून पुन्हा वळणं आणली, ते काम 2021 मधे संपलं. मूळ एव्हरग्लेड्सपैकी निम्मंच काय ते उरलंय. 2000 मधे अमेरिकन संसदेने पाणी परत वळवण्याची योजना मंजूर केली, ती अजून चालू आहे. ट्रेलखालून पाणी जावं म्हणून रस्त्याचे काही मैल उचलून पूल केलेत. एअरबोटीला जाताना तुम्ही त्या पुलांवरून जाता. कुणाच्या आराखड्यात त्यांचा उल्लेख मी अजून पाहिलेला नाही.

दादाचा दुसरा मुद्दा पैशाचा, आणि तो खरा आहे. गाडीचं प्रवेशशुल्क 35 डॉलर, सात दिवस चालतं. पण 1 जानेवारी 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांना अकरा राष्ट्रीय उद्यानांत माणशी 100 डॉलर जादा आहेत, आणि त्यात एव्हरग्लेड्स आहे. म्हणजे आई-बाबांचे दोनशे. वर्षाचा पास असेल तर हा भुर्दंड नाही, पण परदेशी पाहुण्यांसाठीचा तो पासच 250 डॉलरचा, तेव्हा एकाच उद्यानासाठी फायदा नाही. मला हा नियम आवडलेला नाही. परदेशातून लेकीकडे आलेल्या म्हाताऱ्या माणसांकडूनच का, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. ज्यांना परवडत नसेल त्यांनी शेजारच्या बिग सायप्रसला जरूर जावं. तिथे प्रवेशशुल्क नाही आणि ओएसिस केंद्रापाशी रस्त्यालगतच्या कालव्यात थंडीत अ‍ॅलिगेटर ओळीने पडलेले असतात. पण बाबांसाठी मी हे दोनशे भरणार आहे. आणि एवढे भरल्यावर दोन तासांत परत फिरणं हा तर निव्वळ वेडेपणा. (आईला हा आकडा कळता कामा नये. ती रुपयांत गुणाकार करेल. आत्या, तू हे वाचतेस, कृपया!)

तर माझा बेत असा. पहिल्या दिवशी उजाडता उजाडता अन्हिंगा ट्रेल, ऊन चढेपर्यंत तिथेच, घाई नाही. पार्किंगमधे काळी गिधाडं गाड्यांचं रबर कुरतडतात म्हणून उद्यानवाले गाडीवर घालायला ताडपत्री ठेवतात. आपल्याकडची गिधाडं डायक्लोफेनॅकने गेली, त्यामुळे बाबा बहुधा ताडपत्री घालूच देणार नाहीत :) मग थांबत थांबत फ्लेमिंगो. तिथलं जुनं लॉज 2005 च्या वादळांत गेलं, नवं 2023 मधे झालं, तिथे एक रात्र. नावावर जाऊ नका, फ्लेमिंगोला फ्लेमिंगो क्वचितच दिसतात, ते ठाण्याच्या खाडीत पाहिलेत तेवढे पुरेत. पण अ‍ॅलिगेटर आणि क्रोकोडाइल दोन्ही एकत्र राहतात असा जगात हा एकच प्रदेश, आणि क्रोकोडाइल तिथल्या धक्क्यापाशी दिसतात. दुसऱ्या दिवशी शार्क व्हॅली. तिथे 15 मैलांच्या वाटेवर ट्राम फिरवते, दोन तास बसून, म्हणजे गुडघ्यांचाही प्रश्न नाही. ट्रामचं आरक्षण आधी करायचं. आणि लक्षात ठेवा, उद्यानाची फाटकं आतून एकमेकांना जोडलेली नाहीत. होमस्टेडहून शार्क व्हॅलीला बाहेरून तासभर लागतो, आणि नकाशावर जवळ दिसतं म्हणून मंडळी हमखास फसतात. आत खाण्याची सोय फारशी नाही, तेव्हा पोळी-भाजीचा डबा. परतताना होमस्टेडच्या फळवाल्यांकडे चिकूचा मिल्कशेक, तो आईसाठी.

की वेस्ट या बेतात बसत नाही. दादा, तू मुलांना घेऊन उन्हाळ्यात जा की.

लॉजची खोली मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यासाठी धरून ठेवली आहे. आता एकच अडचण : बाबांना ट्रेलवर मधे मधे बसता यावं म्हणून पाठ असलेली, हलकी, घडीची खुर्ची हवी आहे, विमानातून नेता येईल अशी. कुणी वापरली असेल तर सांगा.