बेरजेतून गळलेले बाराशे

सप्टेंबर उजाडला की वसई रोडपासून विरारपर्यंतच्या गृहनिर्माण सोसायट्यांत वार्षिक सभांची लगबग सुरू होते. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची, असा कायदाच आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, वेफर्सची पाकिटे आणि हिशेबाचे छापील कागद. कुणी एखाद्या आकड्यावर शंका काढलीच, तर खजिनदार शांतपणे म्हणतात, "अहो, कॉम्प्युटरची बेरीज आहे!" मग सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे बहुधा पाण्याच्या टँकरकडे वळते.

संगणकाला बेरीज येते, यात वाद नाही. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी 'व्हिजिकॅल्क' आणले. तेव्हापासून एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा आपोआप बदलू लागल्या. खतावणीची पाने खोडून पुन्हा लिहिण्यात ज्यांची उमेद गेली, त्यांनाच या सुखाची किंमत कळेल. पण यंत्र बेरीज करते ती आपण नेमून दिलेल्या चौकटींची. चौकटी नेमतो माणूस. आणि छापील कागदावर सूत्र दिसत नाही, नुसते उत्तर दिसते.

आता आपली एक जुनी सवय पाहा. रक्कम लिहिली की पुढे रेघ मारायची: १२००/-. बँकेत ही रेघ म्हणजे कुलूप. पुढे कुणी शून्य चिकटवू नये, म्हणून मारलेले. हेच एक्सेलच्या चौकटीत लिहिले, की यंत्र त्याला आकडा मानत नाही, अक्षरे मानते. 'सम' हे बेरजेचे सूत्र अशा चौकटी वगळून मुकाट पुढे जाते. चाळीस सदनिकांचे प्रत्येकी १२०० म्हणजे ४८,०००. तिघांच्या रकमेपुढे रेघ असेल तर उत्तर येते ४४,४००. गंमत अशी, की तेच आकडे एकेक करून अधिकच्या चिन्हाने जोडले तर यंत्र लगेच चूक दाखवते. साधे सूत्र ओरडते, शहाणे गप्प बसते!

ही रेघ भरण्याच्या रकान्यात असली, तर पैसे वेळेवर भरलेल्या माणसाचे नाव लिफ्टशेजारच्या फळ्यावर थकबाकीदार म्हणून झळकू शकते. पुढे व्याज. समजा, ते वर्षाला २१ टक्के, सरळव्याजाने लावले. २४०० रुपयांवर महिन्याचे झाले ४२. सूत्रात बाराने भागायचे राहिले की ५०४. एकट्या राहणाऱ्या पेन्शनर बाईंच्या हाती असे बिल पडले, तर त्या सहसा भांडत नाहीत. भरून मोकळ्या होतात. शाळेतले 'कंचेभागुबेव' इथेही लागू आहेच. देखभाल १२००, पार्किंग ३००, महिने दोन. कंस घातला तर ३०००, विसरला तर १८००.

थोरामोठ्यांचेही असे होते. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी देशांच्या कर्जावर एक निबंध लिहिला. काटकसरीच्या बाजूने बोलणाऱ्या राज्यकर्त्यांनी त्याचा हवाला दिला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ फाइल मिळवली. इतर आक्षेप निघालेच. पण सरासरीच्या सूत्रात वीसपैकी पाच देश आलेच नव्हते, हेही उघड झाले. नुसता छापील निबंध वाचून ते कुणाला दिसले असते?

म्हणून सभेत कागद नको, फाइल मागावी. खजिनदार रागावतील, बिचारे फुकट राबत असतात, त्यांना चहा पाजावा. फाइल उघडून बेरजेच्या चौकटीवर दोनदा टिचकी मारली की सूत्र दिसते, आणि ते कुठून कुठवर पोचते तेही. मुद्दाम हलवले नसतील तर आकडे चौकटीत उजवीकडे बसतात, अक्षरे डावीकडे. शिवाय 'काउंट' नावाचे सूत्र फक्त आकडे मोजते. चाळीस घरांच्या सोसायटीत त्याचे उत्तर सदतीस आले, तर राहिलेल्या तीन चौकटी तिथेच, सर्वांसमोर शोधाव्यात आणि एकूण जमेचा ताळा बँकेच्या पासबुकाशी घ्यावा. टँकरचा विषय दहा मिनिटे थांबेल.