नवी वाट : बोधचिन्ह घडवताना

म्हैसूर सँडलची वडी घरोघरी ओळखीची. तिच्यावरचा हत्तीचे डोके आणि सिंहाचे धड असलेला प्राणी मात्र किती जणांनी निरखून पाहिला असेल? पुराणातला हा ‘शरभ’. १९१६ साली बंगळूरमध्ये सरकारी साबण कारखाना सुरू झाला आणि पुढे शरभ त्याची ओळख बनला. ज्याला अक्षर वाचता येत नाही, तोही दुकानात या चित्राकडे बोट दाखवून साबण मागू शकतो. बोधचिन्हाचे काम नेमके हेच.

वहीच्या मागच्या पानावर सतत काहीतरी रेखाटणाऱ्या मुलामुलींना आज या कामाची ओढ वाटते. आईवडिलांना मात्र वेगळीच काळजी असते : चित्रे काढून पोट भरेल का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायला बंगळूर हे चांगले ठिकाण आहे. नवे उद्योग येथे सतत निघत असतात आणि प्रत्येकाला स्वतःचा चेहरा हवा असतो. अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि नंतर अमेरिकेतील येल विद्यापीठात शिकलेल्या सुजाता केशवन यांनी १९८९ मध्ये याच शहरात ‘रे अँड केशवन’ ही संस्था उभी केली. कॅनरा बँकेचे एकमेकांत गुंफलेले दोन त्रिकोण याच संस्थेचे काम. या व्यवसायात नाव कमावता येते, हे त्यातून दिसून आले.

बंगळूर शहराला स्वतःचे बोधचिन्ह मिळाले ते २०१७ च्या डिसेंबरमध्ये. कर्नाटक पर्यटन खात्याने त्यासाठी स्पर्धा ठेवली होती. त्यात ‘नम्मूर’ या स्थानिक नवउद्योगाचे चिन्ह निवडले गेले. त्यात शहराच्या नावाची मधली अक्षरे कानडी आहेत, तर सुरुवातीची आणि शेवटची इंग्रजी. ही इंग्रजी अक्षरे लाल असल्यामुळे ती वेगळी वाचली की ‘बी यू’, म्हणजे ‘तू तुझ्यासारखा राहा’, असा अर्थ निघतो. एकाच शब्दात दोन लिप्या आणि दोन अर्थ! एवढे साधे काहीतरी सुचायला कागदावर किती खाडाखोड करावी लागते, हे हातात पेन्सिल धरल्यावरच कळते.

अशा कामासाठी मोठे नाव लागतेच असे नाही. दूरदर्शनचा ‘डोळा’ देवाशिष भट्टाचार्य यांनी राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विद्यार्थी असताना रेखाटला होता. स्टेट बँकेचे १९७१ पासूनचे निळे वर्तुळ शेखर कामत यांचे, तेही त्याच संस्थेतले. रुपयाचे चिन्ह डी. उदयकुमार यांचे. तीन हजारांहून अधिक आराखड्यांतून ते निवडले गेले आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने ते स्वीकारले. मुंबईच्या आय.आय.टी.त संशोधन करताना त्यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घातला. आणि मराठी वाचकांना विशेष आनंद वाटावा असे उदाहरण म्हणजे स्वच्छ भारत अभियानातला गांधीजींचा चष्मा. २ ऑक्टोबर २०१४ रोजी देशासमोर आलेले हे चिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे. खुल्या स्पर्धेत ते पहिले ठरले. गांधीजींचे नाव नाही, चेहरा नाही. नुसत्या चष्म्यावरून माणूस ओळखू येतो.

मग सुरुवात कशी करावी? संगणक उघडण्याआधी पेन्सिल हाती घ्यावी. ज्याचे काम आहे त्याला आधी पाच साधे प्रश्न विचारावेत : तुम्ही काय विकता, कोणाला विकता, तुमच्या शेजारचा तेच विकत असेल तर तुमच्यात वेगळे काय, चिन्ह कोठे कोठे लागणार आणि दहा वर्षांनी दुकान कसे असावे असे वाटते? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. मग एका पानावर वीस-तीस छोटी रेखाटने करावीत. पहिली पाच-सहा बहुधा आधी कोठेतरी पाहिलेली असतात. स्वतःचे त्यानंतर सुचू लागते.

त्यातली दोन-तीन निवडून त्यांची घरच्या घरी परीक्षा घ्यावी. आधी फक्त काळ्या शाईत काढून पाहावे. रंग काढून घेतल्यावर जे चिन्ह कोलमडते, ते मुळातच अशक्त समजावे. मग टपाल तिकिटाएवढे करावे आणि भिंतीवर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहावे. रबरी शिक्क्यावर उमटेल का, धावत्या रिक्षाच्या पाठीवर ओळखू येईल का, हेही तपासावे. शेवटी घरातल्या आजीला दोन सेकंद दाखवून झाकावे आणि काय दिसले ते विचारावे. तिचे उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये.

संगणकाची पाळी त्यानंतर येते. चिन्ह रेषांच्या गणितावर आधारलेल्या, म्हणजे ‘व्हेक्टर’ प्रकारच्या प्रणालीत करावे. कितीही मोठे केले तरी त्याच्या कडा फाटत नाहीत. इलस्ट्रेटर व कोरलड्रॉ विकत घ्यावे लागतात, तर इंकस्केप विनामूल्य मिळते. शिकण्यासाठी तेवढे पुरेसे आहे. रीतसर शिक्षण घ्यायचे तर मुंबईची सर ज. जी. उपयोजित कला संस्था, राष्ट्रीय डिझाइन संस्था असे मार्ग आहेत.

बंगळूरमध्ये काम करायचे तर कानडी अक्षरांशी मैत्री हवीच. कर्नाटकात दुकानांच्या पाटीवर साठ टक्के मजकूर कानडीत असावा, असा कायदा २०२४ मध्ये झाला. आपल्या देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना एका दोरीत ओवते. कानडीत तशी सलग रेघ नसते, प्रत्येक अक्षराचा डौल गोलसर आणि स्वतंत्र असतो. म्हणून इंग्रजी चिन्हाखाली कानडी नाव नुसते चिकटवले, तर ते उसने आणल्यासारखे दिसते. दोन्ही लिप्या पहिल्या रेखाटनापासून बरोबर घ्याव्यात.

आता पैशांचे. नवशिक्याचे पहिले गिऱ्हाईक बहुधा नात्यातले असते आणि ‘घरचेच तर काम, त्यात पैसे कसले?’ हे वाक्य ठरलेले. येथे संकोच केला तर पुढची अनेक वर्षे महाग पडते. रक्कम कमी असली तरी चालेल, पण आधी ठरवावी, निम्मी आगाऊ घ्यावी आणि किती आराखडे देणार, किती वेळा बदल करणार, हे कागदावर लिहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. किती काळासाठी, हे लिहिले नसेल तर मुदत पाच वर्षांची धरली जाते. हा कागद दोघांच्याही हिताचा आहे : चित्रकाराला मोबदला मिळतो आणि दुकानदाराला उद्या वाद न होता पाटी लावता येते.

शेवटची पायरी बरेच जण विसरतात. चिन्ह गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी ट्रेडमार्क नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर तसेच दुसरे कोणाचे आहे का, हे शोधावे. हा शोध विनामूल्य आहे. नोंदणी झाली की ती दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येते. आज संगणक क्षणात शंभर चिन्हे काढून देतो, म्हणून तर ही तपासणी अधिकच गरजेची झाली आहे. नकळत दुसऱ्याचे चिन्ह हाती पडले, तर पाटी उतरवण्याची पाळी दुकानदारावर येते आणि शब्द चित्रकाराचा जातो.

म्हणून आज संध्याकाळी वही घ्या आणि गल्लीतल्या किराणा दुकानासाठी वीस रेखाटने काढून पाहा. दुकानदाराने मागितलेली नसली तरी हरकत नाही. त्यातले एक जरी आजीने ओळखले, तरी सुरुवात झाली असे समजावे.