सागराचा हिशेब संगमावरून

पुण्याच्या दापोडीजवळ पवना नदी मुळा नदीला मिळते, आणि हे पाणी, वसाहतींचा मैला व कारखान्यांचे सांडपाणी पोटात घेऊन, पुढे मुठा, भीमा, कृष्णा असा प्रवास करीत आणि उजनीसारख्या धरणांत अडत-अडत अखेरीस बंगालच्या उपसागरापर्यंत पोहोचते. तथापि सागरी परिसंस्थेचे प्रतिमान रचणाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात या प्रवासास क्वचितच स्थान मिळते.

‘इकोपाथ’सारख्या प्रणालीत प्लवकापासून सुरमईपर्यंत प्रत्येक जीवगटाचे वस्तुमान, उत्पादन, भक्षण आणि आहारातील प्रमाण भरावे लागते, तारली किती प्लवक खाते व सुरमई किती तारली फस्त करते, याचा जमाखर्च जुळला की प्रतिमान संतुलित ठरते. परंतु मासळीची किंवा समुद्रात येणाऱ्या अशा नदीपाण्याची मूळ नोंदच चुकीची असेल, तर आकडे फिरवून जुळविलेला ताळेबंद दिसावयास निर्दोष आणि वस्तुतः निरर्थक असतो, ही गोष्ट संगणक शिकवीत नाही.

हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहितीसेवा संस्थेत समुद्रशास्त्राचे प्रशिक्षण चालते, १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात आहे, आणि पुण्यात पाषाणला मोसमी पावसाचा अभ्यास करणारी संस्था आहे, तेव्हा उणीव संस्थांची नव्हे, परस्परसंबंधाची आहे. म्हणून प्रत्येक वर्गात मुंबईच्या ससून गोदीतील मासळी मोजण्याचा आणि दापोडीच्या जलपर्णीखालील पाण्यातील नत्र-प्राणवायू तपासण्याचा पाठ सक्तीचा करावा, आणि त्या नोंदी सर्वांना खुल्या ठेवण्याचा हुकूम सरकारने विनाविलंब काढावा.