गाडी बोलतेय, ऐकतंय कोण?

मुंबईच्या उपनगरात राहायचं म्हणजे कानांना सवय लावून घ्यावीच लागते. एलबीएस मार्गावरचे हॉर्न, डोक्यावरून जाणारी विमानं, शिवाय वर्षभर चालणारी खोदकामं! या गदारोळात स्वतःच्या गाडीचा आवाज बदललाय, हे कळायलाच महिना जातो. आणि कळल्यावर आपण करतो काय? काचा वर, एसी चालू, गाण्यांचा आवाज मोठा. फारच झालं तर गॅरेजवाल्याला किल्ली द्यायची आणि म्हणायचं, "बघ रे, आवाज येतोय."

मित्रहो, माझं स्पष्ट मत आहे की 'आवाज येतोय' हे वाक्य इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या तोंडी शोभत नाही. कसला आवाज, कधी येतो, कशाबरोबर वाढतो, हे सांगता आलं तर निम्मं निदान तिथेच झालं.

आमच्या मुलुंडच्या काकांचंच उदाहरण घ्या. ॲक्सिलरेटर दाबला की गाडीखालून पत्रा थरथरल्यासारखा खर्रर्र आवाज यायचा. एका गॅरेजने न ऐकताच सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. घाटकोपरचा एक जुना मेकॅनिक मात्र म्हणाला, "काका, खर्चाचं नंतर बघू, आधी ऐकू." गाडी न्यूट्रलला उभी करून त्याने रेस दिली, तर आवाज तसाच! म्हणजे चाकांचा संबंध नाही. सायलेन्सरच्या पाइपवरची उष्णतारोधक पत्र्याची ढाल गंजून सैल झाली होती. गाडी थंड होऊ दिली, एक क्लिप आवळली, विषय संपला. गिअरबॉक्स अजून जागेवर आहे!

यात जादू काहीच नाही, फक्त क्रम आहे. पहिला प्रश्न : उभ्या गाडीत रेस दिल्यावर आवाज येतो का? येत असेल तर इंजिन, बेल्ट, सायलेन्सर तपासा. दुसरा : मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून गिअर बदलला तर काय होतं? आवाज आरपीएमबरोबर बदलला तर इंजिनाच्या बाजूचा. वेगाशीच बांधलेला राहिला तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर. आपलं पुस्तकी गणित इथेच कामी येतं. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट करतं, चाक मात्र त्या मानाने निवांत फिरतं. म्हणून दोघांचे सूर वेगळे. तिसरा : वळताना कट-कट वाजतं का? मग पुढच्या ॲक्सलचा सीव्ही जॉइंट बघा. गाडी उचलताना धप्पकन बसते? इंजिन माउंटिंग. पावसात सुरू करताना किंचाळते? बहुतेक बेल्ट.

जेव्हीएलआरवर पवईचा चढ वरच्या गिअरमध्ये चढताना डब्यात गोट्या हलवल्यासारखा टिणटिण आवाज येतो, ते नॉकिंग. आधी गिअर खाली घ्या. सीएनजी किट असेल तर फुकटची परीक्षा आहे : सीएनजीचा ऑक्टेन १२०च्या पुढे असतो, त्यामुळे पेट्रोलवरचा टिणटिणाट सीएनजीवर थांबला तर नॉकिंगचा संशय पक्का. मग साचलेला कार्बन, स्पार्कचं टायमिंग, तापणारं इंजिन यांकडे वळायचं.

एक आवाज मात्र उद्यावर टाकू नका. गाडी उचलताना पुढून फट्-फट्, फुस्-फुस् येत असेल आणि सांध्याजवळ काजळीचा डाग असेल, तर एक्झॉस्ट गळतोय. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. स्टेशन ते घर अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही, ते पाणी आत राहून पत्रा खातं. गळतीतून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. सिग्नलला काचा बंद करून बसलेल्या माणसाला ती गळती फक्त आवाजानेच कळू शकते, आणि नेमका तोच आवाज आपण गाण्यांखाली दाबतो! पीयूसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी मागच्या नळीतून निघणारा धूर मोजते, आवाज नाही.

कोणी म्हणेल, आता स्कॅनर आलेत, कान कशाला हवेत? स्कॅनर सेन्सरला कळतं तेवढंच सांगतो. सैल पत्र्याला सेन्सर नसतो. याच एलबीएस मार्गावर कुर्ल्याला एकेकाळी प्रीमियर पद्मिनी बनायची. ऑक्टोबर २०२३मध्ये ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. तिच्यावर शिकलेले मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून इंजिन ऐकायचे. ती विद्याही तिच्यामागून चालली आहे, आणि आपण तोंडी परीक्षेत नॉकिंगची पाच कारणं घडाघडा सांगतो. ऐकलंय किती जणांनी?

म्हणून माझी साधी मागणी आहे. आयसी इंजिनच्या लॅबमध्ये एक जुनी गाडी ठेवा. सरांनी गुपचूप एक बोल्ट सैल करावा, बेल्ट ढिला करावा, आणि मुलांनी काहीही न उघडता आधी निदान लिहावं. जर्नल उतरवण्यापेक्षा त्यात जास्त शिकू. तोवर आज घरी जाताना एक करा : गाणी बंद, काच थोडी खाली. गाडी काय म्हणतेय, ते ऐका तरी!