फाइव्ह स्टार पोरं

तुमच्या ऑफिसात असा एक तरी असतोच. कॅम्पसमधून डे झिरोला उचललेला, पॅकेजचा आकडा कॉलेजच्या होर्डिंगवर झळकलेला. जॉइन व्हायच्या आधीच साहेबांची हवा. सगळा फ्लोअर बघत असतो, की आता हा काय दिवे लावतो. आणि दोन अप्रेझल झाली की कॅन्टीनमध्ये कुणीतरी हळूच पुडी सोडतं, "एवढा काही खास नाही निघाला, बॉस."

अमेरिकेत या प्रकाराची चक्क इंडस्ट्री आहे. तिकडचं कॉलेज फुटबॉल, म्हणजे ते हेल्मेट घालून, बॉल काखेत मारून पळायचं फुटबॉल (त्याला फुटबॉल का म्हणतात, देव जाणे). त्यासाठी सतरा-अठरा वर्षांच्या शाळकरी पोरांना हॉटेलांसारखे स्टार वाटतात. हजारो पोरांतून वर्षाला जेमतेम तीसेक जणांना पाच स्टार. मग युनिव्हर्सिट्यांचे कोच त्यांच्या दारात रांग लावणार.

हे स्टार खरे ठरतात का? गंमत म्हणजे ठरतात. पुढे प्रोफेशनल लीगमध्ये जायचा चान्स पाच स्टारवाल्याचाच सगळ्यात जास्त. पण पाचवाले मुळात मूठभर आणि दोन-तीनवाले ढिगानं. त्यामुळे लीगमधल्या कुठल्याही टीमची डोकी मोजा, गर्दी दोन-तीनवाल्यांचीच दिसेल. जे. जे. वॉटला शाळेत दोनच स्टार होते. मध्यंतरी तर तो पिझ्झा पोचवत फिरत होता. पुढे तो लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला, तेही तीनदा. म्हणजे स्टार खोटे नसतात, फक्त तुमच्या समोर उभ्या असलेल्या एका पोराचं काय होणार, ते त्यांना सांगता येत नाही.

आपल्याकडे स्टार-बिर काही नाही. आपण डायरेक्ट 'पुढचा सचिन' म्हणून मोकळे होतो.

खुद्द सचिनच घ्या. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड. शारदाश्रमविरुद्ध सेंट झेवियर्स. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६, भागीदारी ६६४. हा स्कोअर तुम्हाला पाठ असणार. पण त्या मॅचमधल्या आणखी दोन पोरांबद्दल किती जणांना माहितीये?

एक जण पॅड बांधून बसला होता. अमोल मुझुमदार, पुढचा बॅट्समन. दोन दिवस बसला आणि बॅटिंग आलीच नाही. दुसरा सेंट झेवियर्सकडून लेग स्पिन टाकत होता, साईराज बहुतुले. त्यानं १८२ रन्स दिल्या आणि विकेट एकही नाही. त्या संध्याकाळी कुणी रेटिंग करायला बसलं असतं, तर विनोद आणि सचिनला पाच-पाच, अमोलला 'बघू', आणि साईराजला? अर्धासुद्धा कुणी दिला नसता.

पुढचं रेकॉर्डवर आहे. सचिनचं मी सांगायला नको. कांबळी म्हणाल, तर त्यानं सुरुवातीला रेटिंग देणाऱ्यांनाही लाजवलं. १९९३ साली वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४, लगेच पुढच्या टेस्टमध्ये दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७. चौदा इनिंग्जमध्ये हजार टेस्ट रन्स. शेवटची टेस्ट नोव्हेंबर १९९५ मध्ये खेळला, तेव्हा वय होतं तेवीस. १७ टेस्ट, सरासरी ५४.२०. पाच स्टारवाला 'फुकट गेला' म्हणताना हा आकडा जरा आठवा. तेविसाव्या वर्षी आपण प्रोबेशनवर असतो, राव.

आणि ज्याला अर्धा स्टारही मिळाला नसता, तो बहुतुले १९९० च्या एका भीषण कार अपघातात पार मोडला होता. तिथून उठून तो २००१ मध्ये भारताकडून दोन टेस्ट खेळला, फर्स्ट क्लासमध्ये ६३० विकेट्स काढल्या. बारा-पंधरा वर्षांच्या पोरांचे स्टार मोजणाऱ्यांनी हे नाव भिंतीवर लिहून ठेवावं, असं माझं मत आहे.

मुझुमदारचं प्रकरण मला सगळ्यात जास्त छळतं. रणजीच्या पहिल्याच मॅचला त्यानं २६० ठोकल्या, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. झालं, त्याच्या गळ्यातही 'पुढचा तेंडुलकर'ची पाटी पडली. कारकिर्दीत एकूण ११,१६७ फर्स्ट क्लास रन्स, ३० सेंच्युरी, २००६-०७ ला कॅप्टन म्हणून मुंबईला रणजी करंडक. आणि भारताकडून सामने? शून्य. आता हा पोरगा अपेक्षेला उतरला नाही, असं म्हणायचं? अहो, मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण बसलेले. खुर्च्याच रिकाम्या नव्हत्या. प्रमोशनच्या वेळी 'यू आर ग्रेट, बट बजेट नाही' हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

याच्या उलटा किस्सा कल्याणचा. जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या पोरानं शालेय मॅचमध्ये नाबाद १००९ केल्या. १८९९ पासून इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सच्या नावावर असलेला ६२८ चा विक्रम मोडला. रिक्षावाल्या बापाचा पोरगा म्हणून चॅनेलवाल्यांनी तर नुसता धुरळा उडवला. एका बाजूची बाउंड्री जवळ होती, समोरची बरीच पोरं वयानं लहान होती, हे मात्र खालच्या पट्टीतसुद्धा धड आलं नाही. पुढच्या दोनेक वर्षांत रन्स आटल्या, आणि मिळालेली स्कॉलरशिप घरच्यांनीच थांबवायला सांगितली. मला त्या घराबद्दल जाम आदर वाटतो. हजारचा आकडा पोरानं केला होता, पण त्याचा पुढचा अर्थ आपण लावला होता. बाय द वे, तो कॉलिन्ससुद्धा पुढे कधी फर्स्ट क्लास खेळला नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण, परवा गावाहून शाळेतल्या दोस्ताचा फोन आला. आमचं गाव बोदवड. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लाइनवरचं छोटं स्टेशन, कापसाचं गाव. दोस्ताचा पोरगा नववीत आहे. फास्ट टाकतो. जळगावला ट्रायलमध्ये कुणीतरी म्हणालं, "मटेरियल आहे." बस्स. तेव्हापासून घर पेटलंय.

"काय भो, याले पुण्याला ॲकॅडमीत टाकू का? होस्टेल, फी, सगळं धरून एक प्लॉट विकावा लागेल. तू तिकडे आहेस, तू सांग."

आता मी काय सांगणार? मी एक्सेल शीट भरतो. पण त्याला दोन गोष्टी विचारल्या. पहिली, पोराला मिसरूड फुटलंय का? तो हसला, पण मी सीरियस होतो. चौदा-पंधराव्या वर्षी जो आधी वाढतो, त्याचा बॉल फास्ट जातो. कट-ऑफ तारखेच्या लगेच नंतर जन्मलेली पोरं त्यांच्या गटात सगळ्यात मोठी असतात, सिलेक्शनमध्ये तीच आधी डोळ्यात भरतात. दोन वर्षांनी बाकीची उंचीला पोचली, की खरं काय ते कळतं. उगाच नाही बोर्ड हाडांची टेस्ट करून वय तपासत. (ते अर्थात दाखल्यावरच्या तारखांमुळेही.)

दुसरी, त्याला 'मटेरियल' म्हणालेल्या माणसानं त्याला किती बॉल टाकताना बघितलं? उत्तर आलं, दोन ओव्हर.

मग मी त्याला झहीर खानचं सांगितलं. गाव श्रीरामपूर. सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याला कुणी स्टार द्यायला फिरकलं नाही. मुंबईत आला तो इंजिनीअरिंग करायला. नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांनी बघितला, इंजिनीअरिंग राहिलं. रणजीला सुरुवात मुंबईकडून नाही, बडोद्याकडून केली. पुढे टेस्टमध्ये ३११ विकेट्स. म्हणजे चौदाव्या वर्षी पुण्यात नसलं की गाडी चुकली, असं काही नाही. मात्र सतराव्या वर्षी कुणाच्या तरी नजरेसमोर असावं लागतं, आणि ती नजर बोदवडात येत नाही, हेही तितकंच खरं. आपलं पोर जळगाव जिल्ह्यातून निवडलं जायला हवं, मग पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशनपर्यंत जायला हवं. मुंबईच्या पोराला आझाद मैदान लोकलनं गाठता येतं. स्टार देणारे राहतात कुठे, यावर अर्धे स्टार ठरतात.

"मग प्लॉट?"

प्लॉट राहू दे म्हटलं. उन्हाळ्याची सुट्टी पुण्यात माझ्याकडे पाठव, महिनाभर चांगल्या नेटमध्ये टाकू दे, समोर त्याच्याहून मोठी पोरं असू देत. दहावीनंतर परत बघू.

तो जरा नाराज झाला. त्याला 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. थोडा वेळ थांबून म्हणाला, "आणि नाहीच झालं काही, तर?"

मी त्याला मुझुमदारचं पुढचं सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो भारताच्या महिला टीमचा हेड कोच झाला. २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, फायनलला समोर दक्षिण आफ्रिका. आपण ५२ रन्सनी जिंकलो, महिलांचा पहिला वर्ल्ड कप. ज्याला इंडिया कॅप कधीच मिळाली नाही, तो त्या रात्री मैदानावर डोळे पुसत उभा होता.

"ते ठीक आहे रे," दोस्त म्हणाला, "पण याला फिल्डिंग बिलकुल आवडत नाही."